आधी पेशंटला विचारा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी शैला तोरसकर हे नाव घेतो. आईवडिलांचं नाव त्यानंतर येतं. हे मी आईला फोनवर सांगूनही टाकलं आहे. तिला वाईट वाटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मग त्या बाईंना एकदा पाटणला जेवायला घेऊन ये की." ते काही जमलं नाही. शैलाताई कुडाळहून सौदीला आल्या आणि सौदीहून अमेरिकेला गेल्या. त्यांच्या वाटेत पाटण कुठेच लागलं नाही.

मी सौदीत खमीस मुशैतला एका सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, माझी शाळा मराठी माध्यमाची. नर्सिंगला प्रवेश घ्यायचा होता तेव्हा वडील आधी हेडमास्तरांना विचारून आले, मग गावातल्या डॉक्टरांना, मग एका एसटी कंडक्टरला, कारण त्याचा मेहुणा दवाखान्यात कामाला होता. तिघांनीही "घाला" म्हटल्यावर माझी रवानगी झाली. मला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही, आणि विचारायला हवं होतं असं मलाही कधी वाटलं नाही. ही गोष्ट मी इथे मुद्दाम सांगतो आहे, कारण शैलाताईंनी माझ्यात जी दुरुस्ती केली ती नेमकी याच जागी.

मी खमीसला रुजू झालो तेव्हा त्या आमच्या वॉर्डच्या हेड नर्स होत्या. उंची बेताची, चाल भराभर, डोक्यावरचा स्कार्फ कायम एका कानाकडे सरकलेला. समोरचा बोलत असला की नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवून ऐकायच्या. पहिल्या दिवशी ड्युटी संपताना त्यांनी मला थांबवलं.

"कुठला रे तू?"

"पाटणचा. सातारा जिल्हा."

"म्हणजे घाटावरचा. मासे खातोस?"

"खातो."

"मग शुक्रवारी जेवायला ये. पण नुसतं जेवून पळायचं नाही, अभ्यास करावा लागेल."

"कसला अभ्यास?"

"अमेरिकेचा," त्या म्हणाल्या, आणि सलाइनची बाटली बदलायला निघून गेल्या.

शुक्रवारी दुपारी त्यांच्या घरी जो वर्ग भरायचा त्याला सगळे अमेरिका क्लास म्हणत. अमेरिकेत नर्स म्हणून काम करायचं तर तिकडची परीक्षा द्यावी लागते. शैलाताई ती फार पूर्वीच पास झाल्या होत्या. आता आपला नंबर लागेपर्यंत त्या दुसऱ्यांना तयार करत होत्या. मी गेलो तेव्हा वर्गात लातूरची जयश्री होती आणि केरळची बिन्सी. बिन्सीमुळे अर्धा वर्ग हिंदीत चाले. स्वयंपाकघरात ताईंचे यजमान दत्ताभाऊ असत. ते गावाबाहेरच्या एका विटांच्या कारखान्यात सुपरवायझर होते, आणि शुक्रवारची आमटी-भात-मासे त्यांच्याकडे. ओट्याशी उभं राहून ते आमचा अभ्यास ऐकत, पण कधी मध्ये बोलत नसत. फार तर मीठ बघायला वाटी घेऊन बाहेर येत.

वर्गाची सुरुवात नेहमी हवेवरच्या गप्पांनी होई. ताईंचं म्हणणं असं, की अमेरिकन पेशंट दुखण्याविषयी नंतर बोलतो, आधी हवेविषयी बोलतो. ज्या नर्सला हवेवर बोलता येत नाही ती तिथे परकीच राहते. त्यामुळे आल्या आल्या प्रत्येकाने खिडकीबाहेर बघून इंग्रजीत काहीतरी म्हणायचं.

"इट्स क्वाइट फॉगी टुडे, इझन्ट इट?" ताई माझ्याकडे बघून म्हणत.

"येस सिस्टर."

"येस सिस्टर काय, मेल्या! पुढे बोल. काल कसं होतं, उद्या कसं असेल, तुझे गुडघे दुखतात का."

बिन्सीला हे अजिबात पटत नसे. "सिस्टर, हमारे उधर मौसम का बात कोई नहीं करता. सीधा पूछता है, खाना खाया क्या."

"हमारे उधर भी," ताई म्हणत, "पर वो लोग खाना नहीं खिलाता, इसलिए मौसम पूछता है." मग स्वतःच हसत सुटत.

खमीसला हवेवर बोलण्यासारखं पुष्कळ असतं हे आमचं नशीब. धुकं डोंगरावरून उतरून थेट पार्किंगपर्यंत येतं, उन्हाळ्यातही दुपारी गार पडतं. मी हवेवरच्या त्या गप्पांमध्येच इंग्रजी बोलायला शिकलो. त्याआधी मी इंग्रजी लिहू शकायचो, पण बोलायचं म्हटलं की कागद-पेन शोधायचो. ताईंनी त्यावर उपाय काढला होता. परीक्षेतला प्रश्न त्या आधी मला मराठीत सांगत. मी मराठीत उत्तर दिलं की म्हणत, "झालं. दुखणं कळलं. आता औषध इंग्रजीत दे." मला कॉलेजात कुणी असं शिकवलं नव्हतं. मराठीत विचार करणं ही लपवायची गोष्ट आहे असंच मी तोपर्यंत समजत होतो.

पण इंग्रजीपेक्षा मोठी अडचण वेगळीच होती. त्या परीक्षेत प्रश्न असे असतात: पेशंटला असं असं होतं आहे, नर्सने सर्वप्रथम काय करावं? खाली चार पर्याय. त्यातला एक पर्याय बहुतेक वेळा असतो, डॉक्टरांना कळवा. आणि आम्ही सगळे डोळे मिटून तोच धरायचो. पेशंट घामाघूम झाला, डॉक्टरांना कळवा. पेशंट रडतो आहे, डॉक्टरांना कळवा. एकदा तर पेशंट कॉटवरून खाली उतरून चपला शोधत होता, तेव्हाही जयश्री आणि मी एका सुरात म्हणालो, "डॉक्टरांना कळवा."

ताईंनी कपाळावर हात मारला. "अरे, डॉक्टर काय चपला शोधून देणार आहे? आधी त्याच्याकडे बघा! त्याला विचारा, कुठे चाललास? लघवीला लागली असेल त्याला!"

"पण ताई," जयश्री म्हणाली, "आपल्याला कॉलेजात तर हेच शिकवलंय. विचारल्याशिवाय काही करायचं नाही."

"कॉलेजात नाही शिकवलं. घरात शिकवलं. कॉलेजात नुसतं पक्कं केलं." मग त्यांनी नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवलं. "माणूस घाबरला की आधी फोन उचलतो. का, तर पुढचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर जातं. तिकडे तसं चालत नाही. तिकडे म्हणतात, पेशंटजवळ तू उभी आहेस ना, मग तू सांग तू काय बघितलंस. मला अमेरिकेचं काय आवडलं असेल तर एवढं एकच. बाकी बर्फ आणि बर्गर तुम्हाला लखलाभ."

हे त्या नुसतं शिकवत नव्हत्या. वॉर्डात आमचे एक मिसरी, म्हणजे इजिप्तचे, डॉक्टर होते, माणूस चांगला पण तापट. बाकीच्या नर्स त्यांना फोन करून "डॉक्टर, प्लीज कम" एवढंच म्हणत आणि ठेवून देत. शैलाताईंचा फोन मात्र ठरलेल्या क्रमाने जाई: मी अमुक, पेशंट तमुक, मी जाऊन हे हे बघितलं, माझ्या मते असं असावं. सुरुवातीला डॉक्टरांना याची गंमत वाटे. "तुमच्या मते?" असं म्हणून ते मोठ्याने हसत, आणि राउंडला आले की सगळ्यांसमोर हाक मारत, "सबाह अल खैर, या अमेरिका!" म्हणजे, शुभ सकाळ, अगं अमेरिका. ताई शांतपणे म्हणत, "सबाह अल नूर, डॉक्टर. आज धुकं फार आहे, नाही?"

पुढे एकदा एका नव्या मुलीने घाबरून त्या डॉक्टरांना फोन केला तेव्हा मी शेजारी होतो. फोनमधून डॉक्टरांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "यल्ला, आधी जाऊन बघा, मग मला सांगा तुमचं मत काय!" मी ताईंकडे बघितलं. त्या औषधांच्या कपाटात डोकं घालून उभ्या होत्या, पण त्यांचा स्कार्फ हसण्याने हलत होता.

आता त्यांच्या नंबराविषयी सांगायला हवं. अमेरिकेत नोकरी पक्की झाली तरी व्हिसासाठी देशवार रांग असते, आणि भारताची रांग फार लांब आहे. तुमची फाइल ज्या तारखेला दाखल झाली तो तुमचा नंबर. दर महिन्याला तिकडून एक पत्रक निघतं, की आता अमुक तारखेपर्यंतच्या फायली घेतल्या जातील. कधी तारीख थोडी पुढे सरकते, कधी जागची हलत नाही, कधी चक्क मागे येते. आमच्याबरोबरच्या फिलिपिनो मुली ताईंच्या नंतर अर्ज करून ताईंच्या आधी गेल्या. त्यांच्या निरोपाच्या केकवर नाव लिहायचं काम ताईंकडेच असे, कारण अक्षर चांगलं. ताईंची फाइल दाखल झाली तेव्हा त्यांचा मुलगा अमेय पहिलीत होता. मी त्यांना भेटलो तेव्हा तो बारावीत होता आणि फाइल तिथेच होती.

त्यांना नोकरी देणारं नर्सिंग होम ओहायो राज्यातल्या एका लहानशा गावात होतं. ते गाव ताईंनी कॉम्प्युटरवरच्या नकाशात शोधून काढलं होतं. त्या नकाशात रस्त्यांचे फोटो असतात. एक गाडी कॅमेरा लावून रस्त्यारस्त्याने फिरते आणि फोटो काढते. वर्ग संपला, जेवणं झाली, की ताई कधीकधी आम्हाला त्या गल्लीतून फिरवून आणत.

"हे बघ नर्सिंग होम. हे समोर झाड. या कोपऱ्यावर कपडे धुण्याचं दुकान. इथे वळलं की चर्च. हे पिवळं घर होतं, आता निळं केलंय. इकडे एक लंगडा कुत्रा असायचा, नवीन फोटोत दिसत नाही. मेला असेल बिचारा."

चार-पाच वर्षांनी ती गाडी पुन्हा येऊन जाई आणि फोटो नवे होत. झाडाची फांदी तोडलेली दिसे, दुकानाची पाटी बदललेली असे. ताई हे सगळं कुडाळच्या घराविषयी बोलावं तसं सांगत. दत्ताभाऊ आतून म्हणत, "आमच्या शेजारच्या चाळीत कोण ऱ्हवता ता हिका ठाऊक नाय, पण तिकडचो कुत्रो ठाऊक."

"का जायचंय हो ताई एवढं?" मी एकदा विचारलं होतं.

"अमेयसाठी," त्या लगेच म्हणाल्या. "नाहीतर या वयात मला काय करायचंय?"

हे उत्तर त्या सगळ्यांनाच देत. वॉर्डातल्या पेशंटनाही. अबू सईद नावाचे एक म्हातारे गृहस्थ डोंगरातल्या गावाहून वरचेवर भरती होत. येताना कपाळाभोवती झेंडूची आणि रानतुळशीची माळ असायची, तिकडच्या पद्धतीची. ती ते कॉटच्या दांडीला अडकवून ठेवत आणि ताईंना रोज वास घ्यायला लावत. ते म्हणत, "इथे तुला काय कमी आहे? तिकडेही तुला माझ्यासारखे म्हातारेच सांभाळायचेत."

"मुलासाठी जायचं, बाबा."

"मुलगा काय म्हणतो?"

ताईंनी त्यांची उशी सारखी केली आणि विषय बदलला. मला ते तेव्हा फारसं लक्षात आलं नाही.

अडचण ही होती, की मूल एकवीस वर्षांचं होईपर्यंतच आईच्या फायलीत राहतं. अमेय पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. तारीख सरकत होती, पण त्याचा एकविसावा वाढदिवसही जवळ येत होता. त्या वर्षी दर महिन्याला पत्रक आलं की आम्ही सगळे ताईंच्या चेहऱ्याकडे बघायचो. तारीख तीन महिने हललीच नाही. अमेयच्या वाढदिवसाला ताईंनी नेहमीसारखा शिरा करून वॉर्डात वाटला. मी पहिला घास खाल्ला आणि कळलं, साखर घालायची राहून गेली होती. सगळ्यांनी शिरा संपवला. बिन्सीने तर दुसऱ्यांदा मागून घेतला.

आणि पुढच्याच वर्षी त्यांची तारीख आली. रियाधच्या वकिलातीत मुलाखतीला या, असं बोलावणं. ताई आणि दत्ताभाऊ दोघांनाच. अमेयचं नाव त्यात नव्हतं.

त्या आठवड्यात ताईंना सल्ला न देणारा माणूस खमीसमध्ये उरला नसावा. कुडाळहून नणंदेने फोनवर सांगितलं, "पन्नाशीत कसली गो अमेरिका? नारळ पाड आणि गप ऱ्हव." मेट्रन म्हणाली, इथे सगळे तुला मानतात, तिथे शून्यापासून सुरुवात. जयश्री तर रडवेली झाली होती. "ताई, आता कुणासाठी जायचं? ज्याच्यासाठी जायचं तोच नाही तर."

ताई कुणालाच काही बोलत नव्हत्या. हवेवरसुद्धा बोलत नव्हत्या. मुलाखतीला यायचं की नाही हे त्यांना आठवड्याच्या आत कळवायचं होतं. नाही म्हटलं तर त्या रांगेत पुन्हा उभं राहणं या जन्मात शक्य नव्हतं.

शेवटी त्यांनी अमेयला फोन केला. मी पुस्तकं परत द्यायला गेलो होतो. त्यांनी मला हातानेच बस म्हणून सांगितलं, आणि फोन स्पीकरवर होता. अमेय खमीसलाच वाढलेला. आईशी निम्मं इंग्रजीत बोलायचा.

"बाळा, तुझा नंबर गेला रे. मी फार प्रयत्न केला."

"आई, इट्स ओके. आय ॲम फाइन."

"फाइन कसं? तुझ्यासाठीच तर सगळं..."

आता तो मराठीत म्हणाला, "आई, मला अमेरिकेला जायचंय असं मी कधी म्हटलं होतं?"

"म्हणजे?"

"मला कधी विचारलंच नाहीस तू. मला इथेच बरं वाटतं. माझे मित्र इथे आहेत. तू चिडू नकोस हां. बट यू नेव्हर आस्क्ड."

तो उर्मटपणे बोलत नव्हता. उलट आईला मोकळं करतोय अशा समजुतीने बोलत होता. ताईंनी "बरं, जेवलास का?" विचारलं आणि फोन ठेवला. मग नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवलं. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "संतोष, मी इतकी वर्षं तुम्हाला काय शिकवतेय रे? आधी पेशंटकडे बघा. आणि मी स्वतः? पेशंटला न विचारता उपचार चालू."

त्यानंतरच्या शुक्रवारी वर्ग भरला. आम्ही जावं की नाही अशा विचारात होतो, पण त्यांचाच निरोप आला. हवेवरच्या गप्पा झाल्या नाहीत. ताईंनी चष्मा पुसला आणि प्रश्न सांगायला सुरुवात केली, परीक्षेतला सांगावा तसा.

"एक पन्नाशीची बाई. बरीच वर्षं एका रांगेत उभी. आता तिचा नंबर आला आहे. ज्याच्यासाठी उभी होती असं ती सांगत होती, तो रांगेत नाही आणि त्याला यायचंही नव्हतं. नर्सने सर्वप्रथम काय करावं? एक, बाईच्या नवऱ्याशी बोलावं. दोन, मुलाची समजूत काढावी. तीन, घरातल्या मोठ्यांचा सल्ला घ्यावा. चार, बाईला विचारावं. बोला."

मला वाटतं मी "एक" म्हणालो. जयश्रीने "तीन" म्हटलं आणि लगेच "सॉरी, एक" म्हटलं. बिन्सी आमच्यात सगळ्यात हुशार, पण ती नुसती ओढणीशी चाळा करत बसली.

"डॉक्टरांना कळवा!" ताई म्हणाल्या. "सगळे अजून डॉक्टरांनाच कळवतायत."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "चार."

दत्ताभाऊ हातात झारा घेऊन उभे होते. इतक्या वर्षांत वर्गात ते पहिल्यांदाच बोलले. ते दोन पावलं पुढे आले. झाऱ्यातून तेल ठिबकत होतं, ते त्यांनी दुसरा हात खाली धरून अडवलं.

"उत्तर चार. मगे? पेशंट काय म्हणता?"

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. आमच्यासमोर त्या नेहमी पुस्तकी मराठी बोलत, पण आता म्हणाल्या, "माका जावचा आसा."

"कित्याक?"

"माका बघूचा आसा. अमेयसाठी नाय. कोणासाठीच नाय. ह्या देशात इतकी वर्षां ऱ्हवलंय, बरां चल्लां, पण इकाम्याच्या परवान्यार परत जावची तारीख असताच. माका एकदा तारीख नसलेल्या घरात ऱ्हवन बघूचा आसा. आणि माका ती गल्ली बघूची आसा." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "लोकांक सांगूक लाज वाटता. बाईमाणसान आपल्यासाठी इतक्या लांब जावचा म्हणजे..."

"त्यात लाज कसली?" दत्ताभाऊ म्हणाले. "जा. मी येतलंय गो मागसून. पण आधी तू जावन बघ, थंडी किती ती. माका ती आधी कळव." आणि मासे करपतील म्हणून आत गेले.

बिन्सीला मालवणी काय कळणार, पण ती रडत होती. "सिस्टर, आपने तो हमको डरा दिया," एवढंच म्हणाली. त्या दिवशी आम्ही एकही प्रश्न सोडवला नाही. पोटभर जेवलो.

पुढचं सगळं सुरळीत झालं. रियाधची मुलाखत झाली, पासपोर्टवर शिक्का आला. राउंडच्या वेळी मिसरी डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "या अमेरिका, खलास? आता मला हवा कशी आहे ते कोण सांगणार?" आणि लगेच पुढच्या कॉटकडे वळले. अबू सईद तेव्हा भरती नव्हते, पण त्यांच्या मुलाच्या हाती त्यांनी रानतुळशीची जुडी पाठवली. ताईंनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून घेतली. विमानात नेऊ देणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, तरी विमानतळापर्यंत नेली.

आम्ही तिघे आणि दत्ताभाऊ त्यांना सोडायला अबहाच्या विमानतळावर गेलो होतो. धुक्याने विमान थांबलं होतं. ताईंच्या अंगात अमेयने पुण्याहून पाठवलेलं जाड जॅकेट होतं, खमीसच्या हवेला जरा जास्तच. आत जाताना त्यांनी जुडी माझ्या हातात दिली. "शुक्रवारचा वर्ग बंद पडू द्यायचा नाही," म्हणाल्या. मी पायाला हात लावायला वाकलो तर म्हणाल्या, "इथे नको रे, लोक बघतायत. मनात लाव." मग काउंटरपाशी गेल्या. काउंटरवर एक सौदी तरुण होता, उशिरामुळे वैतागलेला. काचेच्या अलीकडून मला त्यांचा आवाज ऐकू आला.

"इट्स क्वाइट फॉगी टुडे, इझन्ट इट?"

तो तरुण आधी गोंधळला, मग हसला आणि काहीतरी बोलू लागला. ताई नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवून ऐकत होत्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं.

आता त्यांना जाऊन वर्ष होऊन गेलं. त्या फोन करतात. तिथलं काम जड आहे, सांगतात. एकेका नर्सकडे पुष्कळ म्हातारी माणसं, कंबर धरते. पहिल्या हिवाळ्यात त्या बर्फावर घसरल्या. स्वप्न म्हणतात तसं काही आहे का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "म्हाताऱ्यांचे पाय इथेही सुजतातच रे. पण डॉक्टर विचारतात, तुझं मत काय, शैला? आणि मला ते अजून दर वेळी नवीन वाटतं." दत्ताभाऊ नारळाचं निमित्त करून कुडाळला थांबले होते, आता ऑक्टोबरात निघतायत. मागच्या फोनवर ताई म्हणाल्या, "त्याच गल्लीत घर मिळालंय. समोर माझ्या नावाची पत्रपेटी आहे. तिच्यात नुसत्या जाहिराती येतात. कुणीतरी खरं पत्र पाठवा रे." म्हणून मी पाठवलं. त्यातली मनीषा म्हणजे माझी बायको आणि ओवी आमची मुलगी. पत्र असं:

आदरणीय शैलाताई,

सा. न. वि. वि.

वर्ग चालू आहे. आता माझ्या घरी भरतो. पाच जण येतात. मासे मनीषा करते, दत्ताभाऊंसारखे होत नाहीत. हवेवरच्या गप्पांनी सुरुवात करतो. परवा एका नांदेडच्या मुलाने चपला शोधणाऱ्या पेशंटसाठी डॉक्टरांना कळवलं. मी कपाळावर हात मारला आणि मला तुमची आठवण झाली.

तुम्हाला माहीत आहे, मुंबईच्या केंद्रात थोड्याच प्रश्नांनंतर कॉम्प्युटरने परीक्षा संपली म्हणून सांगितलं तेव्हा मी नापास झालो समजून तुम्हाला फोन केला होता. तुम्ही निकालाचं काही विचारलं नाहीत. जेवलास का, एवढंच विचारलंत. मी पास झालो ते तुमच्यामुळे, हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. म्हणून लिहून सांगतो. एका सायकलवाल्याच्या मुलाला स्वतःचं मत असू शकतं, हे तुम्ही मला सांगितलंत.

माझी फाइल दाखल झाली आहे. रांग लांब आहे. ओवी आता तीन वर्षांची आहे. नंबर येईल तेव्हा ती केवढी असेल, किंवा तो येईल की नाही, सांगता येत नाही. अर्ज भरताना मी मनीषाला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, आधी तुम्हाला काय हवंय ते सांगा. मला लगेच सांगता आलं नाही. मग सांगितलं. मला जायचं आहे. ओवीचं नाव पुढे करणार नाही. ज्या मुलाच्या तोंडून इंग्रजी फुटत नव्हतं त्याला एकदा तिकडच्या म्हाताऱ्याशी धुक्यावर बोलायचं आहे. नाही जमलं तरी खमीसला धुकं आहेच. ओवीला बोलता येऊ लागलं आहे, तिला तिच्या वेळी विचारीन. मनीषा म्हणाली, मला समुद्राजवळ राहायचं आहे. तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. त्याचं काय करायचं ते बघतो आहोत.

अबू सईद तुम्हाला सलाम सांगतात. तुमच्या जुडीतल्या काड्या मी कुंडीत खोचल्या होत्या. दोन जगल्या.

आणखी एक. काल वर्ग संपल्यावर मी सगळ्यांना तुमच्या गल्लीतून फिरवून आणलं. नर्सिंग होम, झाड, कपडे धुण्याचं दुकान, निळं घर. तुमची पत्रपेटी शोधली, दिसली. पण फोटो जुनेच आहेत. तुम्ही त्यात नाही. मुलांना मी सांगितलं, ताई इथेच राहतात, पण त्यांचा विश्वास बसेना.

ती फोटोची गाडी पुन्हा कधीतरी तुमच्या रस्त्याने येईल. तेव्हा घरात बसू नका. बाहेर येऊन पत्रपेटीशी उभ्या राहा.

तुमचा,
संतोष